रेघेचा दगड जागेवर नेण्याबाबत

हे वाचणाऱ्याने आधी चष्मा शोधावा. तो डोक्यावर असेल. थोरल्या, तुलाच म्हणते आहे. कपाटाची किल्ली कुठे ठेवली ते तुला आठवत नाही, नळ बंद केला की नाही ते आठवत नाही, लग्नाचा वाढदिवस बायकोला सांगावा लागतो. माझे तोंडचे बोलणे तर तू उंबरा ओलांडेपर्यंत विसरतोस. म्हणून हे कागदावर. राहते घर कोणाला, हे शेवटी आहे. पाने उलटून आधी तिथे जाऊ नये. मास्तरीणबाई समोर बसून पहिल्यापासून मोठ्याने वाचतील आणि कोणी मध्ये उठले तर पुन्हा पहिल्यापासून वाचतील.

मी, खाली डाव्या हाताचा अंगठा उठवणार, नावाड्याची विधवा, राहणार वरची आळी, विहिरीसमोरचे घर, असे जाहीर करते की माझी अक्कल ठिकाणावर आहे. डॉक्टरीणबाईंनी तपासून तसा दाखला दिला आहे. त्यांनी विचारले, "आज वार कोणता?" मी म्हटले, "तुमच्याकडे एवढी गर्दी आहे, म्हणजे काल सुट्टी होती." त्या हसल्या आणि सही केली. मला अक्षर येत नाही. हा मजकूर मी तोंडी सांगितला, तो शेजारच्या मास्तरीणबाईंनी लिहिला आणि मला परत वाचून दाखवला. जिथे त्यांनी माझी भाषा सुधारली तिथे मी ती पुन्हा बिघडवून घेतली आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. हे मी कोणाच्या दडपणाखाली करीत नाही. माझे दडपण इतरांवर यावे, एवढीच इच्छा आहे.

कलम १. स्वयंपाकघरातली सगळी भांडी सुनेला. मोठे पातेलेही तिलाच, ज्यावरून आम्ही दोघी एक उन्हाळाभर एकमेकींशी मांजरामार्फत बोललो. पातेले माझे होते, तिच्या माहेरचे नव्हते. हे तिने सर्वांसमोर ऐकावे आणि मग पातेले उचलावे.

कलम २. शिवणयंत्र नातसुनेला. तिला टाके घालता येतात आणि तिच्या हाताला घाई नाही. नातवाने त्यावर कपडे वाळत घालू नयेत.

कलम ३. नावेची फळी न् फळी कुजली, तिचे काही देण्यासारखे उरले नाही. वल्ही दोन आहेत, ती नातवाला. पूल झाल्यापासून नदीवर कोणी वल्हे मारीत नाही, तरी ती बैठकीत शोभेला टांगू नयेत. दाराशी उभी ठेवावीत, चटकन हाताला लागतील अशी.

कलम ४. आता नकाशे. माझ्याकडे आपल्या गावचे तीन नकाशे आहेत. थोरल्याला वाटते एकच आहे, कारण त्याने बैठकीच्या भिंतीवरचा तेवढाच पाहिला आहे.

पहिला सर्वांत जुना, माझ्या सासऱ्यांच्या वेळच्या मोजणीचा. मागून कापड लावलेला, घड्यांवर फाटलेला. तो माझ्या पत्र्याच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेला आहे. दुसरा भिंतीवरचा, चौकटीतला. माझे लग्न होऊन वर्ष झाले नव्हते, तेव्हा झालेल्या मोजणीचा. तिसरा नवा, रंगीत, गुळगुळीत. तो नातसुनेने मला मोजणी कार्यालयातून आणून दिला.

मला अक्षर येत नसले तरी नकाशावरची आपली वाट सापडते, ती माझ्या यजमानांमुळे. यांनी माझे बोट धरून रेघांवरून फिरवले होते. म्हणाले, "या रेघेवरून चालत गेलीस तर कुठे चढ नाही, कुठे उतार नाही. पुढच्या रेघेवर पाय टाकलास की चढलीस." कांदा आडवा चिरल्यासारख्या एकात एक रेघा. नवी नवरी होते, बोट धरलेले आवडले होते, म्हणून लक्षात राहिले.

पहिल्या नकाशात पुराचा दगड वरच्या आळीत, विहिरीच्या अंगाला आहे. दुसऱ्यात तो खाली घाटाच्या पायऱ्यांशी आहे. दोन्ही नकाशे सरकारी आहेत, दोन्हींवर शिक्का आहे. दगड एकच आहे.

(मास्तरीणबाईंनी लेखणी थांबवून विचारले, "आजी, म्हणजे एक नकाशा चुकला?" मी म्हटले, "नकाशे दोन्ही बरोबर आहेत. लिहा पुढे.")

कलम ५. या कलमात काही देणे नाही, सांगणे आहे. मृत्युपत्रात असले चालत नाही असे मास्तरीणबाई म्हणाल्या. चालवून घ्यावे.

सासऱ्यांच्या तरुणपणी मोठा पूर आला होता. पाणी जिथवर चढले, तिथे गावाने एक उभा दगड पुरला आणि पाथरवटाकडून त्यावर आडवी रेघ कोरून घेतली. त्यानंतर नदी फुगली की प्रत्येक घरातून आळीपाळीने एकाने दगडापाशी पहाऱ्याला बसायचे आणि घरच्यांनी त्याला डबा पोचवायचा, अशी रीत पडली. गावात सगळे सांगायचे, पाणी फार तर रेघेला टेकेल, तिथून ते फिरेल. टेकले की पहारेकऱ्याने ओरडायचे, "टेकलं!" म्हणजे आता भिण्याचे कारण नाही. दगड विहिरीपाशी होता तोवर ही हाक द्यायची वेळच आली नाही. पाणी पुन्हा तिथवर चढलेच नाही.

मग दुसऱ्या मोजणीची माणसे आली. तंबू ठोकण्याआधीच बातमी आली की पुराच्या रेघेखाली जी घरे येतील ती उठवणार. आपली सगळी खालची आळी, आमचे तेव्हाचे घर धरून, रेघेच्या खाली होती. मोजणीचे साहेब नदीकाठच्या प्रत्येक गावात एकच प्रश्न विचारत होते, "पूर कुठवर येतो?" आणि गावे त्यांना आपापली खूण दाखवत होती.

तेव्हा खालच्या आळीतल्या पुरुषांनी ठरवले आणि साहेब पोचायच्या आदल्या पहाटे दगड उपटला. पहार लावताना त्याचे बूड मोडून विहिरीपाशी जमिनीतच राहिले. वरचा भाग त्यांनी ओंडक्यांवरून घरंगळत घाटावर नेला आणि पायऱ्यांशी पुन्हा पुरला. शेण, माती, काजळी चोळून तो जुना दिसेल असा केला. रेघ माणसाच्या उंचीच्या कितीतरी पट खाली आली. आम्हा बायकांना सांगितले, विहिरीपाशी दगड कलला होता, म्हणून घाटावर पक्का पुरला, माप तेच आहे. पोरे तोंडाने ढिली, म्हणून पोरांना कधीच सांगायचे नाही असेही ठरले. या सगळ्यात माझे यजमान पुढे होते.

साहेब आले. मोजणीची काठी धरायला त्यांनी यांनाच घेतले, कारण हे नावेतून त्यांना ने-आण करीत. साहेब जुना नकाशा उलगडून म्हणाले, "यात तर दगड विहिरीपाशी आहे." हे म्हणाले, "आधीच्यांनी घाई केली असेल, साहेब. आम्ही जन्मल्यापासून दगड इथेच बघतोय." साहेबांना आधीच्यांची चूक सापडल्याचा आनंद झाला. म्हणाले, "माणसं काहीही सांगतात. दगड खोटं बोलत नाही." आणि यांनी काठी रेघेला लावली. जुना नकाशा चुकीचा ठरला, म्हणून साहेबांनी तो यांना रद्दी म्हणून दिला. नवा छापून आल्यावर तोही भेट म्हणून पाठवला. पुराची तुटक रेघ त्यात खालच्या आळीच्या पायथ्याने जाते. घरे वाचली. आळीत महिनाभर सगळे एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते.

दगड खाली गेला, त्याबरोबर "रेघेला टेकलं की फिरतं" हेही खाली गेले. पोरे त्यावरच मोठी झाली, आणि दगड हलवणाऱ्यांनाही हळूहळू तेच खरे वाटू लागले.

कलम ६. धाकट्याबद्दल. थोरला तेव्हा परगावी नोकरीला होता, त्याने हे पाहिलेले नाही.

दुपार होती. पाऊस थांबला होता, पण नदी चढत होती. धाकट्याची पहाऱ्याची पाळी होती. आळीत सगळ्यांनी बोचकी बांधली होती. मी त्याचा डबा भरला होता: गरम भात, दोन उकडलेली अंडी, मीठ वेगळ्या पुडीत, कारण त्याला आधी मीठ लावलेले चालत नसे. डबा हातात घेऊन मी दारातून बाहेर पाऊल टाकले, आणि खालून हाक आली, "टेकलंऽऽ!" हसत ओरडत होता. आळीत हसू फुटले. बायकांनी बोचकी सोडली, कोणी चूल पेटवली. मीही डबा ओट्यावर ठेवला. म्हटले, आता येईलच तो, घरीच खाईल.

हे वरच्या घाटाला नावेचे दोर बांधत होते. हाक ऐकली आणि धावत खाली आले. कधी आवाज न चढवणारा माणूस आळीभर ओरडत गेला, "दगड खोटा आहे! वर चला!" परटाने दारातून विचारले, "नावाडीदादा, आज दुपारीच घेतली काय?" त्यावरही लोक हसले. यांनी मला मनगटाला धरून विहिरीपर्यंत ओढत आणले आणि परत खाली गेले. तोवर पाणी मागच्या नाल्याने आळीत शिरले होते.

धाकटा पळाला नाही. पाणी रेघेवर आले तसा तो दगडावर चढला, आणि वरून आम्हाला हात करीत राहिला, थांबा, थांबा, आता फिरेल. मला विहिरीवरून दिसत होता. शेवटपर्यंत तो पाणी फिरायची वाट बघत होता.

परीट गेला, त्याची बायको गेली, सुताराचे घर, दूधवालीची दोन्ही पोरे. सगळे सांगत नाही. माझे यजमान वाचले, ते त्यांना नको असताना वाचले.

नंतर चौकशी झाली. वरच्या धरणाची दारे एकदम उघडली म्हणून पाणी आले, असा निष्कर्ष निघाला आणि नकाशावरची रेघ होती तिथेच राहिली. हे बोलले नाहीत. बोलले असते तर वाचलेल्या प्रत्येक घराला कळले असते की आपल्या बापाचा, काकाचा हात त्या पहारीला होता. मला मात्र त्याच आठवड्यात विहिरीच्या कठड्यावर बसून सगळे सांगितले. भिंतीवरचा नकाशा उलटा, भिंतीकडे तोंड करून लावला. खालची, त्या घराची जमीन माझ्या नावावर केली. त्यानंतर मी यांच्याशी कधी भांडले नाही. ज्यांना वाटते की आमचे म्हातारपण फार गोडीत गेले, त्यांनी हे लक्षात घ्यावे.

विहिरीपाशी मी दर वर्षी भोपळ्याची वेल लावते आणि तिथे दुसऱ्या कोणाला खुरपे लावू देत नाही, म्हणून घरात माझी थट्टा होते. त्या वेलीखाली दगडाचे मोडके बूड आहे.

कलम ७. हे सगळे आज का, तर नातवाने खालच्या जमिनीवर घराचा पाया खणला आहे. यांच्या माघारी थोरल्याने नकाशा पुन्हा सुलटा करून लावला होता. तोच दाखवून परवानगी आणली. मी थोरल्याला समोर बसवून सांगितले.

"आई, सरकारी नकाशा आहे. पुराची रेघ बघ कुठे आहे, आणि आपला पाया बघ कुठे आहे."

"तो दगड तुझ्या बापाने हलवलाय."

"बाबांनी? बाबा दारातली चप्पलसुद्धा हलवत नव्हते."

"खणून बघ वेलीखाली."

"आई, तुझी औषधं बदलायला हवीत."

जमीन माझ्या नावावर, म्हणून मी काम थांबवले. दुसऱ्या दिवशी नातू ओसरीवर बायकोला म्हणाला, "राहू दे आत्ता. आजीचं झालं की करू." तो वाईट बोलला नाही, हळू आवाजात आणि मायेने बोलला. पण माझे होणारच आहे. आणि घर झाले की पणतीचा पाळणा खालच्या खोलीत टांगणार आहेत, नदीचा वारा लागतो म्हणून.

म्हणून मी लोहाराकडे गेले. त्या पहाटेच्या माणसांपैकी आता तो एकटा आहे. भाता बंद, डोळे अधू, दारात खाट टाकून पडलेला असतो.

"वहिनी, मेलेल्यांना कशाला उठवता?"

"मेलेले निवांत आहेत, भावजी. जिवंत माणसं झोपायला जाणार आहेत तिथे."

"लोक म्हणतील, लोहाराने गाव बुडवलं."

"म्हणतील. मलाही म्हणतात, म्हातारी वेलीच्या नावाने खड्ड्याला पाणी घालते."

"मला असाच जाऊ द्या हो."

"जा की. मी कुठे धरून ठेवलंय? सही करून जा."

तो खाटेवर उठून बसला. मग विचारले, "पणती केवढी आहे?" मी म्हटले, "रांगते. हाताला लागेल ते तोंडात घालते." त्याने भिंत चाचपडत दारामागे हात घातला आणि पहार काढून माझ्या पायाशी ठेवली. म्हणाला, "ही तीच. फेकून देता आली नाही. हिचंही लिहा."

कलम ८. त्याप्रमाणे लिहिते. वरील पहार लोहाराने स्वखुशीने मला दिली असून ती मी थोरल्याला देते. याच पहारीने त्याने स्वतः घाटावरचा दगड काढावा. मजूर लावण्यास हरकत नाही, पण पहिला घाव त्याचा. वेल बाजूला करून विहिरीपाशी खणावे, बूड उघडे करावे, दगड त्यावर बसवावा. मोड मोडीला बसेल. बसल्यावर रेघेकडे नीट बघावे, आणि मग तिथे उभे राहून खालच्या आळीकडे बघावे. त्यानंतर माझ्या औषधांबद्दल काही म्हणायचे असेल तर म्हणावे.

कलम ९. खालची जमीन, पायासकट, मी घरात कोणालाही देत नाही. ती गावाला गायरान म्हणून देते. पाया बुजवावा. तिथे गुरे चरावीत, गवत व्हावे, दिवसा मुलांनी खेळावे. भिंत, छप्पर, झोपडी, काहीही उभारू नये आणि कोणी तिथे झोपू नये. नातवाने रागवावे. माझ्यावर रागवायला तो जिवंत असावा, एवढेच मला हवे आहे. त्याचे घर याच घराच्या माळ्यावर वाढवावे. भिंती तेवढे वजन घेतील, गवंड्याला विचारून ठेवले आहे.

कलम १०. पहिला नकाशा नातसुनेला. पेटीचे झाकण ओल्या फडक्याने पुसून तो अलगद सोडवावा आणि पाळण्याजवळ लावावा. पणतीला अक्षर शिकवण्याआधी तिचे बोट धरून त्या रेघांवरून फिरवावे. दुसरा नकाशा, लोहाराच्या जबाबाची नक्कल जोडून, थोरल्याने मोजणी कार्यालयात द्यावा आणि पुराची रेघ बदलून मागावी. त्यांनी घेतला नाही तर परत आणून होता तसा, भिंतीकडे तोंड करून लावावा. तिसऱ्या, नव्या नकाशात खालच्या आळीच्या जागी नुसते हिरवे आहे. नावसुद्धा काढून टाकले आहे. त्यावर मास्तरीणबाईंनी बारीक अक्षरात घरे लिहावीत: परीट, सुतार, दूधवाली, नावाडी. कोणते कुठे ते मी बोटाने दाखवून ठेवले आहे.

कलम ११. आता राहते घर. दगड येत्या पावसाच्या आत वर गेला तर घर थोरल्याला आणि त्याच्या माघारी नातवाला. नाही गेला तर घर मास्तरीणबाईंना, पुस्तके ठेवायला. "आजी, मला नको घर," असे त्या लिहिता लिहिता म्हणाल्या. त्यांनी गप्प लिहावे. थोरल्याला त्यांच्या पुस्तकांचा वास सहन होत नाही, म्हणून दगड वर जाईल अशी मला खात्री आहे.

हे सर्व मला वाचून दाखवले, मला समजले, आणि अंगठा उठवताना माझा हात कोणी धरला नव्हता.

मृत्युपत्र करणार: नावाड्याची विधवा (डाव्या हाताचा अंगठा)

साक्षीदार पहिली: डॉक्टरीणबाई. अंगठा समोर उठवला, शुद्धीत उठवला. सही.

साक्षीदार दुसरा: लोहार. "अंगठ्याची साक्ष आहेच. त्याशिवाय, दगड आम्ही हलवला, पहार माझी होती, रेघ खोट्या जागी आहे, हे मी सांगतो. नीट दिसत नाही म्हणून सही वाकडी आली आहे, ती माझीच धरावी." सही.

लिहिणार: मास्तरीणबाई, शेजारचे घर. सही.

ठिकाण: वरची आळी, विहिरीसमोर. तारीख मास्तरीणबाईंनी शिक्क्याखाली घातली आहे. आज पाणी घाटाच्या शेवटच्या पायरीच्याही खाली आहे आणि वेलीला पहिले फूल आले आहे.

सह्या झाल्यावर आठवले, म्हणून पुरवणी. यावरही सर्वांनी पुन्हा सह्या केल्या आहेत:

दगड वर बसला की पहाऱ्याची पाळी पुन्हा सुरू करावी. नदी फुगेल तेव्हा आपल्या घरचा जो कोणी बसेल, त्याला सुनेने डबा पाठवावा. गरम भात, उकडलेली अंडी, दोन नको, तीन, आणि मीठ वेगळ्या पुडीत. "टेकलं" अशी हाक आली तर डबा खाली ठेवू नये. पहाऱ्यावरच्या पोराला घेऊन, डबा घेऊन, वरच्या आळीमागच्या टेकडीवर जावे आणि तिथे बसून खावा.